अडतीस मिलिमीटर

शेलार फॉरेस्टर रिटायर झाला
आणि चौथ्या दिवशी आमच्या दारात आला,
गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काखेत घेऊन,
तान्हं पोर आणावं तसं.
करवंदीचं मूळ. कुसुंबीच्या वरच्या सड्यावरचं,
दोन वर्षं माळ्यावर वाळवलेलं.
म्हणजे, हिशेब केला तर, वर्दीत असतानाच खणलेलं.
ज्यानं उभ्या नोकरीत बायकांच्या मोळ्या उतरवल्या
तो म्हणाला, "याचा पाइप करून दे, वनिता.
पावती नको."

आमच्याकडं होतात काठ्या, लाटणी, खुळखुळे,
मेढ्याच्या बाजारात खपतील तेवढे.
पाइप नानांनी एकदाच केलेला,
पाचगणीच्या कुणा साहेबाचा मोडका समोर ठेवून.
तेव्हा मी भुसा लोटायची.

मूळ जड, गाठाळ,
दगडांना वळसे घालत वाढलेलं.
एक खडा तर त्यानं गिळूनच टाकलेला.
करवतीचे दोन दात गेले, तेव्हा कळलं.

आधी बारीक भोक, देठाकडून, चार मिलिमीटर:
धुराची वाट.
मग वरून रुंद: तंबाखूचं घर.
वीस रुंद, अडतीस खोल.
पात्यावर अडतिसाला पांढरी पट्टी चिकटवली.
साधं पातं इथं चालत नाही,
सपाट बुडाच्या कोपऱ्यात राख धरते.
नानांनी जुन्या पात्याचे कान घासून घासून
आमटीच्या वाटीसारखा गोल आणलेला,
तेच लावलं.

दोन्ही भोकं आंधळी.
एक आडवं येतं, एक उभं उतरतं,
आत कुठंतरी त्यांची गाठ पडायला हवी,
बरोबर बुडाशी.
वाट वर राहिली तर तळाला ओल साचते,
शेवटची चिमूट जळत नाही.
घर खाली गेलं तर बूड पातळ,
तळहाताला चटका.

नाना खुर्चीत. डावा हात थरथरतो,
तो उजव्यानं धरून ठेवतात,
पळून जाणारं मांजर धरावं तसा.
"लेथ हळू. लाकडाला घाई कळती."
आधी आंबूस वास आला, मग भाजल्याचा.
"थांब. पातं बाहेर घे. दम खाऊ दे त्याला."
भुसा तांबूस, चुरगळून सुटा.
वाटलं, तंबाखू आतूनच निघते आहे
आणि आपण उलटं काम करतो आहोत.

तीस.
चौतीस.
लाइट गेली.

पातं आत, लाकूड चकमध्ये, आम्ही दोघं काळोखात.
"हातानं फिरव," म्हणाले.
फिरवलं. पट्टी दिसत नव्हती,
बोटानं चाचपत होते, किती उरली, किती.
मग मनगटाला एक बारीकसा झोल कळला,
पायरी आहे म्हणून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तेवढाच.
नानांनी विचारलं नाही. त्यांनीही ऐकला असणार.

शेलार संध्याकाळी आला.
शर्टाची दोन बटणं काढून
छातीवरची उभी शिवण दाखवली.
बिडी डॉक्टरनं कायमची तोडलेली.
"मग हे?"
"वढायचा न्हाय. नुस्ता धरायचा.
हातास्नी सवय हाय."

मला रागच आला.
धरायलाच हवा होता तर ठोकळा घासून दिला असता,
दुपारभर काळोखात बोटं कशाला घातली मी?

नानांनी पाइप मागून घेतला.
जन्मात कधी बिडी न ओढलेल्या माणसानं
देठाला ओठ लावले, हवा आत घेतली.
शीळ नाही. घरघर नाही.
मान हलवली, शेलारकडं दिला.
त्यानंही रिकामाच ओढला, डोळे मिटून,
आणि सवयीनं खोकला.
"करवंद लागतंय," म्हणाला,
"पिकलेलं न्हवं, चिकाचं."

मग बराच वेळ पाइप त्या दोघांत फिरत राहिला,
काही न पेटवता.
बोलणं झालं ते पायऱ्यांच्या सडलेल्या फळीचं,
नानांच्या गोळ्यांचं, कण्हेरच्या पाण्याचं.
पैशांचा विषय निघाला नाही,
तो जाऊन पोचला असेल तेव्हा मला आठवला.

रात्री लेथ पुसताना
कापून टाकलेल्या तुकड्यात तो खडा सापडला,
तुरीच्या डाळीएवढा, लाकडाच्याच रंगाचा.
नखानं उकरून काढला आणि ठेवून घेतला.
त्याचीही पावती नाही.